जुना मोबाइल, नवे सिम

अमेरिकेत वापरलेला मोबाइल विकायला काढणारा जवळजवळ प्रत्येकजण फोन ‘अनलॉक्ड’ असल्याची ग्वाही आधी देतो आणि घेणाराही बहुधा तेवढ्यावर निर्धास्त होतो. ही ग्वाही खरी असली तरी तिचा आवाका लहान आहे, कारण ज्या मोबाइल कंपनीने तो फोन मुळात विकला तिच्याखेरीज इतर कंपन्यांचे सिमकार्डही तो स्वीकारेल, एवढेच तिच्यातून कळते. नव्या कंपनीच्या लहरी त्या फोनला पकडता येतात का, ती कंपनी त्याला आपल्या नेटवर्कमध्ये शिरू देईल का, पहिल्या मालकाचे हप्ते फिटले आहेत का आणि त्याचे खाते फोनवरून उतरवले आहे का, हे प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतात. त्यातही हप्त्यांचा प्रश्न विशेष चमत्कारिक आहे, कारण खरेदीच्या दिवशी मिळालेले समाधानकारक उत्तर काही महिन्यांनी बदलू शकते.

तरीही अशा फोनला मोठी मागणी आहे आणि तिचे कारण सरळ आहे. अमेरिकेत ए-टी-अँड-टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल या तीन कंपन्यांकडे देशभर पसरलेले स्वतःचे मनोरे आहेत आणि त्यांची मासिक बिले भारतीयांच्या नजरेला अवाढव्य वाटतात. याच मनोऱ्यांवरची क्षमता घाऊक दराने विकत घेऊन ती ग्राहकांना किरकोळीने विकणाऱ्या अनेक कंपन्या तेथे आहेत. त्यांना आभासी मोबाइल कंपन्या म्हणता येईल. त्यांचे दर कमी असतात, पण हँडसेट बहुधा ग्राहकाने स्वतःचाच आणावा अशी त्यांची अपेक्षा असते. पुण्या-नाशिकहून शिकायला गेलेला विद्यार्थी किंवा मुलांकडे सहा महिन्यांसाठी राहायला गेलेले आईवडील यांच्यासाठी जुना फोन आणि अशा कंपनीचे सिम ही जोडी स्वस्तात पडते.

भारतीय ग्राहकाला हे कुलूप फारसे परिचित नाही, कारण येथे जीएसएम पद्धतीचा हँडसेट पहिल्यापासून दुकानातून रोख पैसे मोजून घ्यायचा आणि सिम वेगळे घ्यायचे, अशीच रीत पडली. अपवाद होते, रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे सीडीएमए पद्धतीचे हँडसेट कंपनीशी बांधलेले असत, ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांनी ३१ हजार रुपयांना आणलेला आयफोन थ्री-जी आपापल्या कंपनीपुरताच चाले, आणि २०१७ मधला जिओफोन आजही जिओखेरीज दुसरे सिम घेत नाही. अमेरिकेत मात्र अपवाद आणि नियम यांची अदलाबदल झाली होती. तेथे कंपनी महागडा हँडसेट नाममात्र किमतीला देई, ग्राहकाकडून दोन वर्षांचा करार लिहून घेई आणि मासिक बिलातून सवलतीची भरपाई करून घेई. ग्राहकाने फोन घेऊन मध्येच दुसऱ्या कंपनीची वाट धरू नये म्हणून फोनला कुलूप घातले जाई. २०१३ मध्ये टी-मोबाइलने असे करार बंद केले, पुढच्या दोन-तीन वर्षांत इतरांनीही त्यांचा नाद सोडला आणि त्यांची जागा फोनच्या पूर्ण किमतीच्या मासिक हप्त्यांनी घेतली, पण कुलूप तसेच राहिले. सवलतच उरली नाही तेव्हा कुलूप कशासाठी, हा प्रश्न तेथील ग्राहक संघटनांनी वारंवार विचारला आहे. हप्ते बुडवणाऱ्यांपासून आणि फोनचोरांपासून संरक्षण, हे कंपन्यांचे उत्तर अगदीच खोटे नसले तरी ग्राहक अडकून राहिलेला त्यांना गैरसोयीचा वाटत नाही, हेही उघड आहे.

कुलपाची यंत्रणा समजायला अवघड नाही. प्रत्येक सिममध्ये ग्राहकाची ओळख पटवणारा एक लांब क्रमांक साठवलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात आणि त्यानंतरचे दोन किंवा तीन अंक कंपनी सांगतात. भारतातील सिमचा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. अमेरिकेतील ए-टी-अँड-टीचा ३१०-४१० आणि टी-मोबाइलचा ३१०-२६० हे परिचित आरंभ आहेत. फोन सुरू होताना मोडेम, म्हणजे लहरींशी बोलणारा भाग, हे अंक वाचतो आणि स्वतःजवळच्या परवानगीशी ताडून पाहतो. अंक जुळले नाहीत तर सिम चालणार नाही असा संदेश पडद्यावर येतो. जुन्या साध्या हँडसेटमध्ये एक सांकेतिक क्रमांक दाबून हे कुलूप उघडता येई. आयफोनच्या बाबतीत मात्र फोन कोणाच्या सिमवर चालावा याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते आणि कंपनीने ती बदलल्यावरच फोन मोकळा होतो.

या कुलपापायी अमेरिकेत कायद्याची मोठी खडाजंगी झाली. जून २००७ मध्ये पहिला आयफोन एकट्या ए-टी-अँड-टीसाठी बाजारात आला आणि अवघ्या दोन महिन्यांत जॉर्ज हॉट्झ या न्यू जर्सीतील १७ वर्षांच्या मुलाने त्याचे कुलूप उघडून दाखवले; तो उघडलेला फोन देऊन त्याने एक निसान मोटार आणि तीन नवे आयफोन पदरात पाडून घेतले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न असा होता की १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्याने सॉफ्टवेअरची संरक्षक तटबंदी ओलांडणे हा गुन्हा ठरवला होता. हा कायदा मुळात चित्रपट आणि संगीत यांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी होता, पण फोनचे कुलूपही त्याच्या शब्दांत बसत होते. त्यातून सूट देण्याचा अधिकार लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे असल्याने २००६ आणि २०१० मध्ये फोनसाठी सूट मिळाली, आणि २०१२ मध्ये ती नव्या फोनांपुरती काढून घेण्यात आली. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीला न विचारता उघडणे जानेवारी २०१३ पासून पुन्हा बेकायदा ठरले. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे केलेल्या अर्जावर एक लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी कुलूप उघडण्याला पुन्हा मुभा देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मात्र या कायद्याने ग्राहकाला कुलूप उघडण्याची मोकळीक दिली. ते उघडून देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले नाही, आणि किल्ली कंपनीच्याच सर्व्हरवर असेल तर नुसत्या मोकळिकीचा उपयोग बेताचाच असतो.

परिणामी प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा राहिला. २०२४ च्या सुमारास ए-टी-अँड-टी पूर्ण किंमत चुकती झालेला फोन ६० दिवसांच्या वापरानंतर, तर टी-मोबाइल मासिक बिलाच्या ग्राहकांचा फोन ४० दिवसांनंतर मोकळा करीत असे. आगाऊ पैसे भरणाऱ्या प्रीपेड ग्राहकांसाठी मुदती याहून बऱ्याच लांब होत्या. व्हेरायझनची कथा निराळी आहे. २००८ च्या लिलावात तिने ७०० मेगाहर्ट्झच्या ज्या लहरी घेतल्या त्यांना फोन कुलूपबंद न ठेवण्याची अट जोडलेली होती, त्यामुळे तिचे फोन दीर्घकाळ मोकळेच विकले गेले, आणि २०१९ मध्ये चोऱ्यांचे कारण सांगून तिने ६० दिवसांच्या कुलपाची परवानगी मिळवली. हे नियम कंपन्या आणि सरकार यांच्यातील ओढाताणीत सतत बदलत असल्यामुळे खरेदीच्या वेळचा नियम त्या कंपनीकडूनच विचारून घ्यावा लागतो. शेजारच्या कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यालाच बंदी आहे, त्यामुळे त्यानंतर तेथे विकलेल्या फोनबाबत हा घोळ उद्भवत नाही.

कुलूप खरोखर उघडले आहे की उघडल्याचा भास केला आहे, हा भेद खरेदीच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. कागदाइतकी पातळ एक चकती सिमच्या पाठीला चिकटवली की फोनची तपासणी चालू असताना ती कंपनीच्या मूळ सिमची बतावणी करते आणि तपासणी आटोपली की खरे सिम पुढे करते. बाजारात अशा आयफोनला चिपवाला फोन म्हणतात. तो काही काळ बिनतक्रार चालतो आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली किंवा फोन पुसून पुन्हा सुरू केला की अडून बसतो. म्हणून सिमचा ट्रे बाहेर काढून तो रिकामा पाहावा आणि आयफोन असल्यास सेटिंग्जमध्ये जनरल व त्याखालील अबाउट या पानावर ‘कॅरियर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिले आहे का ते पाहावे. अँड्रॉइडमध्ये अशी एकसारखी सोय नसल्याने वेगळ्या कंपनीचे चालू सिम घालून प्रत्यक्ष कॉल लावून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

कुलूप नाही याची खात्री झाली की मग लहरींचा विचार करावा लागतो. प्रत्येक मोबाइल कंपनी काही ठरावीक वारंवारितांच्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, काम करते आणि हँडसेटमधील रेडिओला ते पट्टे येत नसतील तर कुलूप नसूनही रेंज मिळत नाही. टी-मोबाइलने ग्रामीण भागासाठी ६०० मेगाहर्ट्झचा ७१ क्रमांकाचा पट्टा वापरात आणला, पण २०१७ च्या आयफोन टेनमध्ये तो नाही आणि पुढच्या वर्षीच्या टेन-एसमध्ये आहे. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या या दोन फोनांपैकी एक शहराबाहेर पडताच मुका होऊ शकतो. सॅमसंगच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटची अक्षरेही अशीच बोलकी असतात: गॅलेक्सी एस-२२ च्या अमेरिकेतील कंपन्यांमार्फत विकलेल्या हँडसेटच्या क्रमांकाअखेर ‘यू’, तेथेच मोकळ्या विकलेल्यावर ‘यू-१’ आणि भारतात विकलेल्यावर ‘ई’ हे अक्षर असते.

पट्टे जुळूनही काम संपत नाही, आणि येथे गेल्या काही वर्षांत अनेकांची फसगत झाली. ए-टी-अँड-टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि व्हेरायझनने त्याच वर्षाच्या अखेरीस आपली थ्री-जी सेवा बंद केली, तेव्हापासून या कंपन्यांवर साधे बोलणेसुद्धा फोर-जी किंवा त्यापुढच्या नेटवर्कमधूनच जाते. या व्यवस्थेला व्होल्टी म्हणतात. फोनमध्ये व्होल्टीची क्षमता असणे पुरेसे नसते, तर त्या विशिष्ट कंपनीशी जुळणारी मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते आणि कंपनीनेही त्या मॉडेलला मान्यता दिलेली असावी लागते. ए-टी-अँड-टीने मान्य हँडसेटांची यादीच काढली आणि तीत नसलेले धडधाकट फोन तिच्या नेटवर्कवरून बाद झाले, ज्यात परदेशांतून आणलेले पुष्कळ फोन होते. ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जी बंद होताना, आणीबाणीचा तीन शून्यांचा क्रमांक लावू न शकणारे हँडसेट नेटवर्कवरून तोडण्याचे बंधनच कंपन्यांवर घालण्यात आले. म्हणून नव्या कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचा फोन आणणाऱ्यांसाठी जी तपासणी असते तिच्यात हँडसेटचा आयएमईआय क्रमांक घालून उत्तर पाहणे, हे विक्रेत्याच्या दहा आश्वासनांपेक्षा मोलाचे आहे. आयएमईआय म्हणजे हँडसेटची स्वतःची १५ अंकी ओळख. तिचे पहिले आठ अंक मॉडेल सांगतात आणि *#०६# हे दाबले की ती पडद्यावर येते. खोक्यावरचा, सेटिंग्जमधला आणि असे दाबून आलेला क्रमांक एकच असायला हवा.

याच क्रमांकाभोवती या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेतील कंपन्या २०१२ पासून चोरीच्या हँडसेटांची माहिती एकमेकींना पुरवू लागल्या आणि यादीत क्रमांक चढलेला फोन तेथील कोणत्याही मोठ्या नेटवर्कवर चालेनासा झाला. चोरीला आळा घालण्यासाठी हे योग्यच होते, परंतु पुढे हप्ते थकवलेल्या ग्राहकांचे फोनही याच मार्गाने बंद होऊ लागले. आता विकणाऱ्याने फोन ३६ हप्त्यांवर घेतला आणि सातव्या हप्त्यानंतर विकून टाकला, तर घेणाऱ्याच्या हाती पूर्ण किंमत मोजलेला, पण ज्यावर दुसऱ्याचे कर्ज आहे असा फोन येतो; विक्रेता पुढचे हप्ते भरत राहील तोवर सर्व सुरळीत असते आणि त्याने ते भरणे थांबवले की काही आठवड्यांनी, घेणाऱ्याचा काडीचा दोष नसताना, फोन बंद पडतो. शेतजमीन घेताना सात-बारा उताऱ्यावरचा बोजा पाहता येतो. फोनचा असा उतारा सामान्य खरेदीदाराला कोणी देत नाही. याहून बनेल विक्रेता फोन विकल्यावर तो हरवल्याची तक्रार देतो आणि विम्यातून दुसरा मिळवतो, तेव्हाही विकलेला फोन यादीत जातो. अमेरिकी मोबाइल उद्योगाच्या संघटनेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मोफत तपासणीत फोन हरवला किंवा चोरीला गेल्याची नोंद आहे का ते कळते, पण ते उत्तर त्या दिवसापुरतेच असते.

यावर पक्का उपाय नाही, पण धोका बराच कमी करता येतो. मोबाइल कंपनी पूर्ण रक्कम फिटल्याखेरीज सहसा कुलूप उघडत नसल्याने खऱ्या अर्थाने मोकळा केलेला ए-टी-अँड-टीचा किंवा टी-मोबाइलचा फोन कर्जमुक्त असण्याची शक्यता जास्त असते. व्हेरायझनच्या फोनबाबत हा तर्क लंगडा पडतो, कारण तेथे २०१९ नंतरच्या बराच काळच्या नियमानुसार हप्ते चालू असतानाही ६० दिवसांनी कुलूप आपोआप निघत असे. मूळ बिल मागणे, विक्रेत्याचे नाव-पत्ता लेखी घेणे आणि रोखीऐवजी क्रेडिट कार्डासारख्या, वाद झाल्यास दाद मागता येणाऱ्या मार्गाने पैसे देणे यांपैकी काहीच विक्रेत्याला मान्य नसेल, तर थोड्या जास्त किमतीत परतीची हमी देणाऱ्या दुकानातून फोन घेणे श्रेयस्कर. रस्त्यावरच्या सौद्यातील बचत आणि दुकानाची जादा किंमत यांतील फरक हा वस्तुतः या जोखमीचाच दर असतो.

मालकाचे खाते ही त्यामानाने सोपी बाब आहे. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस-७ बरोबर आणि गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर अशी सोय आणली की फोन पुसून टाकला तरी जुन्या मालकाचा पासवर्ड दिल्याशिवाय तो पुन्हा सुरू होत नाही. म्हणून विक्रेत्याने समोर बसून खात्यातून बाहेर पडावे, सेटिंग्जमधून फोन पुसावा आणि स्वागताच्या पडद्यापासून पुढे तो घेणाऱ्याने स्वतः सुरू करून पाहावा. ‘पासवर्ड नंतर पाठवतो’ असे ऐकताच सौदा मोडावा. बॅटरी, बदललेला डिस्प्ले, पाणी लागल्याच्या खुणा यांची पाहणी कोणताही जुना फोन घेताना करावी लागतेच, ती येथेही करावी.

असे अमेरिकी फोन भारतातही येतात, पण प्रवाशांच्या बॅगांतून, कारण वापरलेले आयफोन आयात करून येथे विकण्याचा ॲपलचा प्रस्ताव भारत सरकारने २०१६ मध्ये फेटाळला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत बिल-बॉक्ससह मिळणाऱ्या ‘यूएस पीस’बाबत वरचे बहुतेक प्रश्न उलट दिशेने उभे राहतात. अमेरिकेतील काळी यादी मुख्यतः तेथील कंपन्या पाळत असल्याने तेथे बाद झालेला फोन इतर अनेक देशांत चालतो, आणि नेमका म्हणूनच तो देशाबाहेर काढला जातो. जिओकडे टू-जी आणि थ्री-जी नाहीच, त्यामुळे तिच्या सिमवर इंटरनेट धडाक्यात चालूनही व्होल्टीची मांडणी नसल्यास साधा कॉल लागत नाही. शिवाय २३०० मेगाहर्ट्झचा ४० क्रमांकाचा फोर-जी पट्टा किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा फाइव्ह-जी पट्टा अमेरिकी कंपन्यांसाठी बनवलेल्या स्वस्त अँड्रॉइड हँडसेटांत अनेकदा नसतो. येथील तपासणी मात्र सोपी आहे. हरवलेल्या फोनांच्या केंद्रीय नोंदवहीचा प्रयोग २०१९ मध्ये महाराष्ट्रासह मोजक्या ठिकाणी झाला आणि मे २०२३ मध्ये संचार साथी या नावाने ती सेवा देशभर खुली झाली. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे जागा सोडून आयएमईआय लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की फोनचे मॉडेल कळते. क्रमांक काळ्या यादीतला किंवा दुबार आहे असे उत्तर आले, अथवा हाती असलेल्या फोनपेक्षा वेगळेच मॉडेल दिसले, तर तो घेऊ नये, कारण आयएमईआय बदललेला फोन जाणूनबुजून बाळगणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

एक अडचण अगदी अलीकडची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमचा ट्रेच नाही. त्यांत केवळ ई-सिम, म्हणजे फोनमध्येच कायम बसवलेल्या चकतीवर उतरवून घेण्याचे सिम चालते. असा जुना फोन तेथे विकत घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला बँकेच्या ओटीपीसाठी भारतातला क्रमांकही चालू ठेवायचा असतो आणि त्यासाठी त्या क्रमांकाचे ई-सिम करून घ्यावे लागते. या बदलाची विनंती बहुधा त्याच चालू सिमवरून संदेश पाठवून करायची असल्याने ते सिम भारतातल्या नेटवर्कवर असतानाच, म्हणजे निघण्यापूर्वी, हे काम उरकणे सोयीचे असते. मात्र ई-सिम त्याच वेळी कोणत्यातरी फोनमध्ये उतरवावे लागत असल्याने भारतातला जुना फोन ई-सिम घेणारा असावा लागतो, आणि नसेल तर ट्रे असलेलाच हँडसेट अमेरिकेत शोधणे बरे.